अठ्ठेचाळीस व्होल्ट

सेलूला मोंढ्याच्या मागं, मोबीनच्या पिठाच्या गिरणीवर
दहा बाय अकराची खोली मिळाली.
भिंतींना गाद्या ठोकल्या, बापूंच्या मंडपातल्या,
कडांना अजून पाकाचे डाग, मुंग्या येतात.
सगळं जाऊन सात हजार उरले.
तेवढ्यात माईक, स्टँड, केबल.

तीन आठवडे मी आलेख बघत होतो,
कोणता कुठं उठतो, कोणता कुठं बसतो,
कोणाचा स वरच्या पट्टीत चिरतो.
बापू म्हणाले, कामून एवढं वाचायलास?
आवाज येतो का नाही, बस.
चाळीस वर्षं त्यांनी जाळीवर टिचकी मारली,
फुंकर घातली, हॅलो हॅलो केलं
आणि गावं जागी झाली.

परभणीच्या चांडकनं दोन माईक वापरून बघायला दिले.
एक डायनॅमिक, जाड कातडीचा,
तोंडाशी धरा, तेवढंच ऐकतो.
दुसरा कंडेन्सर. त्याला केबलीतूनच वीज पाजावी लागते,
अठ्ठेचाळीस व्होल्ट, तेव्हा कान उघडतो.
दोन्ही घ्यावेत, तर स्टँडच्या जागी मलाच उभं राहावं लागेल.

रेणुकादास गोंधळी संबळ घेऊन जिना चढले.
पहिल्याच थापेला कंडेन्सर फाटला,
पडद्यावर लाल रेघ, छताला जाऊन आपटलेली.
डायनॅमिकनं तीच थाप मुकाट गिळली.
म्हणलं, ठरलं.

मग सत्त्वशीला खंदारे आल्या, सरकारी दवाखान्यात नर्स,
रात्रपाळी करून, डोळे लाल.
स्वतः लिहिलेलं भीमगीत,
वहीवर औषधाच्या कंपनीचं नाव.
डायनॅमिकमधून त्या चौदा एप्रिलच्या स्टेजवर उभ्या होत्या,
खणखणीत, लांब.
कंडेन्सरमधून त्या ह्या खोलीत होत्या.
कमरेच्या किल्ल्या. वहीचं पान.
आणि दुसऱ्या कडव्याआधी घेतलेला श्वास,
सुई टोचण्याआधी दंड धरावा, तसा.
खालून गिरणीचा पट्टाही होताच, गव्हासकट.
त्या म्हणाल्या, माझा दम ऐकू येतोय, तेवढा काढा बरं.
मी हो म्हणलं. काढला नाही.

बापूंच्या कानावर हेडफोन चढवला.
खोलीत कुणीच गात नव्हतं.
बापू बसून राहिले. आवंढा गिळला
आणि स्वतःचाच आवंढा ऐकून दचकले.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
इतकं हळू असलं तरी त्याला आवाजच म्हणायचं का?

संध्याकाळी ते पंच्यात काहीतरी गुंडाळून आले.
त्यांचा जुना माईक, जाळी चेपलेली,
कुण्या लग्नात वरबापानं रागानं आपटलेला.
हा घे संबळाला, ह्याला थापेचं काही वाटत नाही.
उघडून बघितला, तोही डायनॅमिकच.
चांडकचा एक परत गेला, एक राहिला.

आता कंडेन्सर भोंग्याच्या जुन्या बांबूला टांगलाय.
मोबीननं मैद्याच्या चाळणीचं कापड दिलं,
ते बहिणीच्या भरतकामाच्या कड्यावर ताणून
प आणि फ च्या फुंकरीआड धरलं.
शुक्रवारी दुपारी गिरणी बंद असते.
अजान झाली, मोबीन टोपी घालून जिन्याखालून गेला,
की पट्टा थांबतो. तेवढा दीड तास आमचा.
सत्त्वशीलाबाईंनी ड्युटी बदलून घेतलीय.

पहिली फाईल मी अजून पुसली नाही.
अकरा सेकंद. एक कबुतर,
गल्लीत कुठंतरी सायकल पडते,
आणि बापू, अगदी जवळून, दबक्या आवाजात,
चालू झालं का रे?